नसाबातली माझी जागा

"आता तुमच्याकडेच येतो, सर," असं सांगून वाहिनीवरच्या मुलीनं मला लटकवून ठेवलं होतं. मोबाइल एका तुराटीला रबरानं बांधलेला, तुराटी धुऱ्यात, म्हणजे बांधात, खोचलेली आणि मागं दिसायला पऱ्हाटीचं हिरवं वावर. वाहिनीला ते वावर फार आवडतं. भावानं माझ्यासाठी खास प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती, पण मला एका जागी बसवत नाही. मी फेऱ्या मारत होतो. चर्चा होती दोन देशांच्या हद्दीवर. एकदाचं माझं नाव घेतलं गेलं. मी मोबाइलपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "हद्द कागदावर आखली जाते, पण प्रत्यक्षात..." तेवढ्यात मागून भावाचा आवाज आला, "अबे, मोटर बंद करा ना कोनी! सारं पानी पांदणीत चाललं!"

ते तसंच साऱ्या महाराष्ट्रात गेलं. दुसऱ्या दिवशी बोरी अरबच्या बाजारात मला दोघातिघांनी थांबवून सांगितलं, की कालच्या चर्चेत मुद्द्याचं बोलला तो तुमचा भाऊच.

मी आमच्या तांड्यातला पहिला पदवीधर. हे मी दर ठिकाणी सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. आमचा तांडा बोरी अरबच्या पलीकडे, दारव्ह्याच्या बाजूला. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, असं आम्ही तीन तोंडांनी बोलत मोठे झालो. इथं लिहिताना मी घरचं बोलणंही वऱ्हाडीतच लिहितो, म्हणजे सगळ्यांना समजेल. बापूंनी आम्हा दोघा भावांना आश्रमशाळेत घातलं. लोकांना वाटतं मोठ्या भावानं माझ्यासाठी शाळा सोडली. तसं काही नाही. तो पळून आला. "तिथली दाळ मले पचली न्हाई," असं तो अजून सांगतो. मला पचली. पुढं यवतमाळला कॉलेज, एका खोलीत चौघं, मग परीक्षा, मग दिल्ली. परराष्ट्र सेवेत माझी निवड झाली तेव्हा बापूंनी विचारलं, "कलेक्टर काहून न्हाई झाला?" मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं. पण मरेपर्यंत त्यांचं मत असंच राहिलं, की पोरगा थोडक्यात हुकला.

नोकरीत मी दर तीन वर्षांनी सामान बांधलं. आफ्रिकेतलं एक दमट बंदर, आखातातलं एक शहर, मग युरोपातली एक थंड राजधानी, पुन्हा दिल्ली, पुन्हा बाहेर. या कामात माणूस काय करतो, असं तांड्यातले विचारतात. खरं सांगायचं तर जेवतो. कोणाच्या शेजारी कोण बसणार हे ठरवण्यात दुपार घालवतो आणि मग त्यांच्या शेजारी बसून जेवतो. सोबत जेवल्याशिवाय कोणी मनातलं बोलत नाही, हे मला पहिल्याच पोस्टिंगवर शिकवलं गेलं आणि ते खरं निघालं. दुसरं शिकलो ते म्हणजे सूचनेशिवाय बोलायचं नाही. दिल्लीहून जे आलं असेल तेवढंच तोंडातून काढायचं. त्यापलीकडं कोणी काही विचारलं, तर "आम्ही याची दखल घेतली आहे" म्हणायचं. आखातात असताना मजुरांच्या शवपेट्या गावी पाठवायची आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायची कामं मी केली. ती कामं सोडली तर मी माझं स्वतःचं वाक्य फारसं कधी बोललो नाही.

मुदतीआधीच मी नोकरी सोडली. मुलाखतीला येणारी पोरं विचारतात, बंजारा रक्त तुम्हाला फिरवत राहिलं का? पूर्वज लदेणी घेऊन, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालायचे, तेच तुम्ही विमानानं केलं का? ऐकायला छान आहे. पण मला कोणतं रक्त फिरवत नव्हतं, माझ्या बदल्या सरकार करत होतं. मी परत आलो कारण मला माझ्या मनाचं बोलायचं होतं आणि माझ्या जागेवर उभं राहून बोलायचं होतं. वर्तमानपत्रात सदर लिहू लागलो. कापसाची आयात, शेजारचे देश, कुठल्या युद्धानं इथं काय होतं, असलं. तांड्यात माझं नाव राजदूत पडलं. मी दिसलो की पारावरचे विचारतात, "का हो राजदूत, ॲव्हरेज किती देता?"

बोलायला जागा मिळाली. उभं राहायची जागा मात्र मिळेना.

वावर आम्हा दोघांच्या नावावर आहे. बापू गेल्यापासून सातबारावर दोघांची नावं एकाखाली एक. पण कसतो भाऊ. मी आलो त्या पहिल्या मृगात तिफणीला हात लावायला गेलो, तर भाऊ म्हणाला, "राहू दे, तू बस. लेख लिही." भाभीही तेच. मी अंगणात आलो की ती खाट झटकून द्यायची. पाऊस लांबला, खत संपलं, बैल आजारी पडला, यातलं मला काही कोणी विचारायचं नाही. सगळं झाल्यावर, सांगितल्यासारखं सांगायचे. मी त्यांचा पाहुणा होतो. चांगला, लाडाचा, पण पाहुणा. मी सकाळी धुऱ्याधुऱ्यानं चालायचो, दुपारी यवतमाळच्या घरी जायचो, संध्याकाळी परत यायचो. बायको तिच्या आईजवळ यवतमाळला राहते. ती म्हणायची, "तुम्ही दोन्हीकडे नुसते उभे असता. कुठंतरी बसा ना." त्याच सुमारास दिल्लीच्या एका अभ्यास संस्थेनं बोलावलं. खोली, ग्रंथालय, गाडी, आठवड्याला एक व्याख्यान. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ठरवलं होतं, ही सुगी होईपर्यंत भावानं मला घरचा म्हणून धरलं तर राहायचं. नाहीतर जायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगून मागायची ती गोष्ट नव्हे.

आणि मग पांदणीचं प्रकरण आलं.

पांदण म्हणजे वावरांमधून जाणारी गाडीवाट. आमच्या वावराच्या कडेनं एक पांदण जाते, तिच्या पलीकडं तांड्यातल्या बऱ्याच घरांची शेती. लहानपणी तिच्यातून दोन बैलबंड्या शेजारून जायच्या. आता एक मोटरसायकल जाते आणि तीही पाय वर घेऊन. एका बाजूनं आमचं वावर, दुसऱ्या बाजूनं यवतमाळच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं. त्यांचं वावर बोरीचा एक माणूस मक्त्यानं, वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, करतो. दर साली वखर थोडा बाहेरून फिरवायचा. इकडून एक तास, म्हणजे एक ओळ, तिकडून एक तास. कोणी काही चोरल्यासारखं दिसत नाही. पांदण आपली दर साली बारीक होत जाते. पलीकडच्या लोकांना सोयाबीन काढायला मशीन नेता येईना. ते पोती डोक्यावर आणू लागले. बाया म्हणू लागल्या, औंदा आम्ही वावरातच सडू देऊ, पण डोक्यावर आणणार नाही.

आमचा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, माझ्याहून पुष्कळ लहान. पिठाची गिरणी चालवतो, भुवया कायम पांढऱ्या. तो घरी आला. भाभीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर "आत्ताच पेलो" म्हणाला. मग मला म्हणाला, "काका, तुमी देशादेशाच्या हद्दी पाह्यल्या. हे एक पांदण पाहून द्या ना. सर तुमच्या वयखीचे हायत. तहसीलमधी गेलं त आमचे नातू शिकून येतीन, तरी निकाल लागणार न्हाई. नसाब बसवतो, तुमी मधात बसा."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. मधात बसा, असं नायकानं स्वतः येऊन म्हणणं! मला काय वाटलं ते लिहून काढता येणार नाही. भाऊ बाजूलाच सुताचा गुंता सोडवत होता. तो म्हणाला, "बसू द्या ना. तितं त फुकट बसत नोता, इतं फुकट बसन."

मी कामाला लागलो. मला येतं त्या पद्धतीनं लागलो. यवतमाळला सरांच्या घरी गेलो. सर देवमाणूस. पिढ्यान्पिढ्या ऑफिसात-शाळांत नोकरी केलेलं घराणं, भिंतीला पुस्तकं, गुडघे दुखत असल्यानं पाय स्टुलावर. "अहो, तुमचं सदर मी चुकवत नाही," म्हणाले, "पण मागच्या लेखात तुम्ही शेवटी कच खाल्ली." मग आम्ही तासभर मी कच कुठं खाल्ली त्यावर बोललो. सरांच्या पत्नीनं चहा आणला, चिवडा आणला. मी पांदणीचा विषय काढलाच नाही. पहिल्या भेटीत काढायचा नसतो. निघताना, चप्पल घालता घालता काढला. सर म्हणाले, "मी तर सोडायला तयार आहे. पण तुमचे बंधू आधी सोडतील का?"

अशा वेळी समोरच्याचा विश्वास बसावा म्हणून आपण स्वतःहून एक लहानसं पाऊल मागं घेतो. हे आमच्या कामातलं नेहमीचं आहे. मी म्हणालो, "आमच्याही बाजूनं थोडं सरकलं असेल. मी नाकारत नाही."

सरांचा चेहरा खुलला. दुसऱ्या भेटीला मी मसुदाच घेऊन गेलो. दोघांनी एकाच वेळी जुन्या नकाशाप्रमाणे मागं यायचं, असा. सरांनी चष्मा लावला, पेन काढलं आणि मास्तरासारखं तपासलं. 'अतिक्रमण' शब्द खोडून तिथं 'अनवधानाने झालेला वापर' लिहिलं. आम्ही दोघंही हसलो. पुन्हा चहा झाला. यवतमाळच्या त्या बैठकीच्या खोलीत मला जितकं मोकळं वाटत होतं, तितकं माझ्या स्वतःच्या धुऱ्यावर वाटत नव्हतं, ही गोष्ट बसमध्ये चढल्यावर माझ्या लक्षात आली. ती मला आवडली नाही. बोरी अरबपर्यंत मी उभ्यानंच आलो.

भावाला मसुदा वाचून दाखवला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अनवधान म्हंजे काय?"

"म्हणजे लक्ष नसताना."

"माहं लक्ष होतं," भाऊ म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

त्यानंतर तो मला साहेब म्हणू लागला. "साहेब, चाय घेता का, का यवतमाळवून पेऊन आले?" मी हसायचो. मला वाटलं, थट्टा चालली आहे. परक्या मुलखातल्या मंत्र्यानं भुवई उचलली तर त्याचा अर्थ दिल्लीला दोन पानं लिहून पाठवणारा मी, घरात रोज होत असलेलं हे बोलणं थट्टा समजून सोडून देत होतो.

नसाब सकाळी बसला, देवळापुढच्या लिंबाखाली. माणसं गोल करून मातीत बसली. एका अंगाला सतरंजी टाकली होती, ती पाहुण्यांसाठी. सर गाडीनं आले. त्यांना गुडघ्यामुळं सतरंजीवर खुर्ची दिली. त्यांचा मक्तेवाला त्यांच्या पायाशी बसला. दुसऱ्या अंगाला माझा भाऊ एकटा, लिंबाच्या मुळीजवळ. मी धुतलेला सदरा घालून, मसुद्याच्या प्रती घेऊन मधे नायकाशेजारी जाऊन बसलो.

नायकानं सुरुवात केली ती माझ्यापासूनच. "काका, एक विचारू? रागावू नका. तुमी सरच्या घरी चहा घेतला का?"

"घेतला. दोनदा."

"चिवडाबी?" मागून कोणीतरी विचारलं.

"चिवडाही."

"मंग झालं!" तो मागचा म्हणाला आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

नायक हसला नाही. म्हणाला, "मी किती दिवसापासून तुमच्या घरचं पानी पेलो न्हाई, ध्यानात आलं काय? सरच्या मक्तेवाल्याकडं बी पेलो न्हाई. वाद घेतला की मधात बसनाऱ्यानं दोन्ही घरचं पानी सोडा लागते. निकाल लागला की मी दोन्ही घरी जेवाले जातो. एकाच दिवशी. पोट दुखते, पन जातो. तुमी आधीच जेवून आले."

मी सांगायला लागलो की जगभर याच्या उलट असतं, सोबत जेवल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. अर्ध्यात थांबलो. लहानपणी आश्रमशाळेत गेलो आणि नसाबाच्या कडेला बसून हे बघायचं वय माझं तिथंच गेलं. ज्याला ही गोष्ट माहीत नाही, असा त्या लिंबाखाली मी एकटाच होतो. बाकीच्यांना ती कोणी शिकवली नव्हती. मला सांगायचंही कोणाला सुचलं नाही, कारण हे कोणाला माहीत नसेल असं त्यांना वाटणंच शक्य नव्हतं.

"वरून तुमी तिथं कबूल करून आले," नायक म्हणाला, "आमच्याकून सरकलं म्हनून. मक्तेवाला हाटेलात सांगून राह्यला होता."

भाऊ मातीत काडीनं रेघा मारत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"मग मी कुठं बसू?" मी विचारलं.

"भावापाशी बसा. न्हाईत सतरंजीवर बसा पाहुन्याईत. मधात न्हाई. उठा काका."

साठीकडं झुकलेल्या माणसाला भर तांड्यापुढं उठवलं. मी प्रती हातात घेऊन उभा राहिलो. सरांना वाईट वाटलं असावं. त्यांनी खुर्चीशेजारची सतरंजी हातानं झटकली आणि म्हणाले, "अहो, या इकडे." किती सोपं होतं. तिथून दिल्ली दोन पावलांवर होती. भाऊ अजून खालीच बघत होता. त्यानं एकदा जरी वर पाहिलं असतं, तरी मला बरं वाटलं असतं. पण तो बघणार नाही हे मला कळत होतं. माझ्याच जागेवर यायचं मला बोलावणं पाठवणारा तो माणूस नाही.

मी जाऊन भावाजवळ बसलो. तो सरकला नाही. अर्धा मी मुळीवर, अर्धा खाली.

नायकानं विचारलं, "हं, तुमच्या घरचं काय म्हननं हाय?"

"आमच्या घरचं म्हननं यवतमाळले जाऊन चहा पेऊन आलं," भाऊ म्हणाला. "मी आता काय सांगू?"

हसणं थांबेपर्यंत नायक थांबला. आमच्या नसाबात घराचा एकच शब्द चालतो. घरातल्या एकानं तो दिला, की दुसऱ्यानं तिथं तो कापायचा नाही. भांडायचं ते घरी जाऊन. एवढं मात्र मला ठाऊक होतं. मी उभा राहिलो. मराठीत बोलायला तोंड उघडलं आणि थांबलो, कारण नसाब गोरबोलीत चालतो. माझी गोरबोली शाळेत जायच्या वयाचीच राहिली आहे. तिच्यात मला मोठ्या माणसाचे शब्द येत नाहीत. मसुदा तिच्यात मावेना. 'दखल', 'परस्पर', 'अनवधान', काहीच मिळेना. जे मिळालं ते लहान पोरासारखं निघालं.

"आम्ही रस्ता खाल्ला. आम्ही परत देतो. त्यांनी देवो, न देवो."

बस, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची सूचना नसताना, बदल्यात काही न घेता काहीतरी देऊन टाकलं होतं. ते माझं एकट्याचं नव्हतं, हे खाली बसल्यावर समजलं.

भाऊ आता उठला. "हा देते! हा कोन देनारा? जसं काही याच्या बापाचं हाय!"

"अन तुह्या बापाचं कोन्तं येगळं हाय रे?" एक म्हातारी मागून म्हणाली.

मग काय, नायकही हसला, सरही हसले. भाऊ उभाच. त्याला बोलायचं खूप होतं, पण शब्द दिला गेला होता आणि तो कापायचा नव्हता. त्यानं हातातली काडी मोडली आणि घराकडं चालता झाला.

सर म्हणाले, मुलांना पुण्याला विचारावं लागेल. ते त्यांनी विचारलं आणि पुढं थोडं सोडलंही, आम्ही सोडलं त्याच्यापेक्षा बरंच कमी. त्यावर तांड्यात अजून बोलणं होतं. पण आमच्या एका अंगानंसुद्धा ट्रॅक्टर जाईल एवढी वाट मोकळी झाली. जेसीबी आला त्या दिवशी त्या पट्ट्यात तुरीच्या ओळी कमरेला लागल्या होत्या. भाऊ वावरात आलाच नाही. भाभी आली, विळा घेऊन. मशीनच्या पुढं पुढं चालत तिनं ती हिरवी तूर शेळ्यांसाठी कापली आणि कापताना आम्हा दोघांना शिव्या दिल्या. "दोन भाऊ, पन दोघं मिळून एक शहाना होत न्हाई. एकानं खाल्लं तवा सांगून न्हाई खाल्लं, एकानं देल्लं तवा पुसून न्हाई देल्लं. धरा आता हे, उभे काय राह्यता!" मला तिनं अशी शिवी कधी दिली नव्हती. मी तुरीचा भारा उचलला. तो उचलायची एक पद्धत असते, ती मला येत नव्हती. माझी मान अजून दुखते.

भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी दिवसभर तांड्यात फिरायचो. लेख सुचत नव्हता. वाहिनीचा फोन आला की मोबाइल खिशातच वाजू द्यायचो. दिल्लीच्या संस्थेनं पुन्हा विचारलं. मी लिहिलं, "येत नाही." एवढंच लिहिलं. खाली आभार मानायचे राहून गेले. पाठवल्यावर मला भीती वाटली, कारण इथं राहायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं. उलट ज्यानं सांगावं, तो तोंड फिरवून जात होता.

सोयाबीनची कापणी तोंडावर आली आणि एका सकाळी भाऊ दोरी घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. "चाल."

"कुठं?"

"वाटनी करू. लय झालं सामाईक."

मी चप्पल अडकवून त्याच्या मागं निघालो. वावरात पोचल्यावर तो हात करून म्हणाला, "पांदणीकडलं तुले. रस्ता तूच देल्ला, तुह्याच वाट्यात जाऊ दे. माह्या वाट्याले काहून?"

"म्हणजे कमी पडलं ते माझ्यातलं?"

"मंग कोनाचं? नसाबात कोन उठलं होतं?"

"खाल्लं कोणी होतं?"

"मी खाल्लं! तुह्याच वावरात भर घालत होतो ना! त्यातलं तुह्या लेकरायले भेटलं असतं का न्हाई?"

मी तीस वर्षं टेबलाला बसलो, आवाज चढवला नाही. त्या कामात आवाज चढवणारा हरला असं समजतात. त्या सकाळी मी ओरडलो. विहीर मधात येईल, मोटर कोणाची, मुरमाड बरडाचा तुकडा मी एकट्यानं का घ्यावा, यावर ओरडलो. भाऊ माझ्यावर ओरडला. नवीन वाटेनं पलीकडचा एक ट्रॅक्टर चालला होता, तो थांबला. चालवणाऱ्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कोपर टेकून ऐकत बसला. मधून म्हणाला, "राजदूत, बरड घेऊ नका. तिथं कुंदा गवतच उगवते."

"तू जाय ना बे, तुले रस्ता देल्ला ना!" भाऊ त्याच्यावर धावला. "देल्ला त जाय!"

ट्रॅक्टर गेला. बरड शेवटी निम्मं निम्मं झालं. मोटर भावानं घेतली. ती चूकच आहे, मी अजून तसंच म्हणतो. मग भावानं विचारलं, "तुले पेरता येते?"

"नाही."

"वखर?"

"नाही."

"मंग काय करशीन वाट्याचं? मले मक्त्यानं दे."

"देत नाही."

त्यानं दोरीची गुंडाळी सोडली. पांदणीतून गेलेल्या ट्रॅक्टरची धूळ अजून उडत होती. "देऊ नको," तो म्हणाला. "पेर. पेरलं का मी पाहाले येतो. हासाले." मग त्यानं दोरीचं एक टोक माझ्या अंगावर टाकलं आणि दुसरं घेऊन पलीकडच्या धुऱ्याकडं निघाला. जाता जाता मागं न बघताच ओरडला, "तानून धर! ढिल्ली सोडू नको, न्हाईत उद्या पेपरात लिहिशीन भावानं खाल्लं म्हनून."

मी दोन्ही हातांनी धरली.